लर्निंग कोच

फॉर्ममध्ये एक रकाना होता, लर्निंग कोच.
घरातलं कुणीतरी मोठं माणूस लागतं, गौतमी म्हणाली.
बाप बोटीवर, बंदर लागेल तेव्हा नेट.
म्हणून सातवी पास,
आगरवाड्याच्या मिठागरात निम्मं आयुष्य काढलेली
मी झाले कोच.

रोज रात्री नऊला हजेरीच्या हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं.
माझ्या बोटांना मिठाच्या चिरा, फोन ओळखत नाही.
करंगळी लावते.
करंगळी अजून कोरी आहे.

अकरावी ऑनलाइन का, तर म्हणे
इथल्या हायर सेकंडरीत समुद्राचं विज्ञान नाही.
खरं असेल.
पण जानेवारी ते मे दोन हात कमी पडतात आमच्यात,
हेही तिला तोंडपाठ आहे,
आणि ते तिनं कुठल्याच रकान्यात भरलं नाही.

काउन्सेलर मॅडम नोएडाच्या.
त्यांच्या मागे निळा समुद्र, हलत नाही असा,
माडसुद्धा एका बाजूला कललेला.
आमच्या मागे खरं आगर, खरे बगळे, शापोऱ्याचं पाणी,
तर गौतमीनं ते सगळं धूसर करून टाकलं.
मी काही बोलले नाही.

मग चाचणी. चाळीस प्रश्न.
एकटीनं काम करायला आवडतं की गटात?
आये, आपण कशात गे?
मी म्हटलं, चिखल तुडवायला गट हवा,
मीठ ओढताना मात्र शेजारी कुणी नको, फळ्याची लय चुकते.
असा पर्याय नव्हता.
तिनं 'सांगता येत नाही' वर टिचकी मारली.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?
नेमकं तेव्हाच मोपाचं विमान खाली येत होतं.
दोघी वर बघत राहिलो, चाकं बाहेर येईपर्यंत.
वेळ संपली. तो प्रश्न कोराच गेला.

निकालात तीन करिअर आली.
हॉटेल, डेटा, आणि तिसरं
ज्याचं नाव मला अजून सरळ म्हणता येत नाही,
खाऱ्या पाण्याचंच काहीतरी.

त्या तिसऱ्यासाठी प्रकल्प.
कुरिअरनं काचेची नळी आली, पाण्यात उभी तरंगणारी,
ती सांगते पाणी किती जड झालं.
मी टाच बुडवून सांगते.
गौतमीनं दोन रकाने आखले: यंत्र, आई.
अकरा दिवस आम्ही दोघं जुळलो, यंत्र आणि मी.
बाराव्या दिवशी मी चुकले, अंगात ताप होता.
तिनं तेही लिहिलं, कंसात, ताप.

मॅडम म्हणाल्या, छान, पण 'आई' नको,
'पारंपरिक निरीक्षण' लिही, कॉलेजवाले बघतात.
तिनं लिहिलं.
रात्री पाणी प्यायला उठले तर फोनचा उजेड,
पुन्हा 'आई' करत होती.

तसंच गेलं ते, आणि मुलाखतीची तारीख आली.
कॉलेज दूर, वसतिगृह, शिष्यवृत्ती मिळाली तर.
फीचा आकडा मी दोनदा वाचला
आणि मिठाच्या पोत्यांत मोजायला लागले,
मग मोजणं सोडलं.

काल शेवटचा फॉर्म.
कोचचा अभिप्राय, दोनशे अक्षरांत.
मुलगी हुशार आहे, लिहिलं. पुसलं.
कष्टाळू आहे. तेही पुसलं,
ते सगळ्यांच्याच आया लिहीत असणार.
गौतमी पेज घेऊन झोपली होती,
पहाटे अडीचला भरती, मानशीची फळी उचलायची.
मी करंगळीनं एक एक अक्षर शोधत लिहिलं:

पहाटे ही माझ्याबरोबर मानशीवर येते. नको म्हटलं तरी येते.
तुमचं ऐकते. येऊ नको म्हणून तुम्ही सांगा.

एकशेचाळीस अक्षरं उरली होती.
तशीच सोडली.